ओल

टेक्ससच्या पश्चिम टोकाला म्यूलशू नावाचं गाव आहे. खेचराची नाल. गावात आम्ही थांबलो नाही, थांबलो ते गावाच्या अलीकडे, एका शेताच्या कडेला. डॅलसहून निघाल्याचा दुसरा दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तळहातासारखं सपाट रान आणि त्यात कमरेएवढं, तांबूस कणसांचं पीक. तासाभरापासून ते सोबत पळत होतं आणि तासाभरापासून मला काहीतरी आठवायला बघत होतं. शेवटी गाडी बाजूला घ्यायला लावली. कुंपणावरून हात घालून एक कणीस वाकवलं, चार दाणे तळहातावर चोळले, तूस फुंकून टाकलं. बारीक, टणक, लाल दाणे.

"ज्वारीच ना?" नवऱ्याने गाडीतूनच विचारलं.

ज्वारीच. पण आमच्याकडे तिला ज्वारी म्हणत नसत. मिलो म्हणत.

बाहत्तर साली मी नऊ वर्षांची होते. माण तालुक्यातलं गाव, दहिवडीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. त्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. आई आणि दोन्ही काक्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आम्हां पोरांना शाळेत सुकडी मिळे, आणि रेशनवर ही लाल मिलो, अमेरिकेतून जहाजाने आलेली. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावरून उतरेपर्यंत विटकरीसारखी व्हायची आणि घशाखाली उतरताना पाणी मागायची, जे घरात नव्हतं. "ही तिकडं जनावरांना घालत्यात," असं मोठी माणसं म्हणत आणि तीच मोडून खात. आजी मात्र एकदा म्हणाली होती, "कुठल्या का मुलखातली आसंना, आली पोरांसाठी एवढ्या लांब."

जनावरांनाच घालतात, हे खरं आहे. पुढच्या अर्ध्या तासात गुरांच्या गोठ्यांचा वास काच बंद असूनही आत आला. एकेका कुंपणात हजारोंनी जनावरं. मला राग आला नाही, हसूही आलं नाही. चार दाणे मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले.

नवऱ्याला मिलो माहीत नव्हती. तो दापोलीकडचा. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला दुष्काळ म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. सदतीस वर्षांच्या आमच्या संसारात जी काही भांडणं झाली, त्यातली निम्मी तरी पाण्यावरून झाली असतील. तो दाढी करताना नळ सोडून ठेवतो. मी भाज्या धुतलेलं पाणी कुंडीत घालते. लग्नानंतर पहिल्यांदा दापोलीला गेले तेव्हा अर्ध्या बादलीत आंघोळ आटोपून बाहेर आले, तर सासूबाईंना वाटलं, पाणी गार लागलं असेल. मग कळल्यावर माझं नाव पडलं, 'आमची दुष्काळी'. प्रेमाने म्हणत, तरी लागायचं ते लागायचंच.

हा प्रवास आम्ही दोघं निवृत्त झाल्यावरचा पहिला. मुलं लहान असताना याच भागातून एकदा गेलो होतो. सात दिवसांत चार राज्यं, ग्रँड कॅन्यन पावणेदोन तासांत, त्यातला अर्धा तास पार्किंग शोधण्यात. आपली माणसं अशीच फिरतात, पाहिलेल्या ठिकाणांवर टिचक्या मारत. या वेळी नियम केला: शक्यतो दिवसाला दीडशे मैलांच्या वर जायचं नाही, सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, आणि ग्रँड कॅन्यनला जायचं नाही. तिसरा नियम ऐकून मुलगी म्हणाली, तुम्ही दोघं वेडे आहात. डिकीत इलेक्ट्रिक कुकर, पोहे, मेतकूट, लोणच्याची बरणी, आणि पाण्याचे पाच गॅलनचे दोन कॅन. कॅन माझे.

पोर्टालेसला शेंगदाणे घेतले. न्यू मेक्सिकोचा तो कोपरा व्हॅलेन्सिया शेंगदाण्यासाठी नावाजलेला आहे, बारीक आणि गोड. रॉझवेलमध्ये उडत्या तबकड्यांची दुकानं आहेत, तिथून आम्ही गाडी हळूही न करता गेलो. व्हाइट सँड्सला मात्र दोन दिवस राहिलो. पावणेतीनशे चौरस मैल पांढरीशुभ्र वाळू, आणि ती वाळू नव्हेच, जिप्सम, म्हणून भर दुपारीही पायाला गार लागते. तिथे दुकानात प्लॅस्टिकच्या थाळ्या मिळतात, टेकडीवरून घसरायला. चौसष्ट वर्षांचा माझा नवरा त्या थाळीत मांडी घालून बसला आणि "हर हर महादेव" म्हणत खाली गेला. शेजारची दोन मुलं टाळ्या वाजवायला लागली. मग तो पुन्हा वर आला. पुन्हा खाली गेला. मी मोजायचं थांबवलं.

हॅचला पोचलो ते वास धरून, असं म्हटलं तरी चालेल. सप्टेंबर हा तिथल्या मिरचीचा महिना. दुकानादुकानाबाहेर जाळीची मोठी पिंपं आडवी लावलेली, खालून गॅसच्या ज्वाळा, आणि आत पोतंभर हिरव्या मिरच्या गरागरा फिरतात. साल तडतडतं, करपतं, काळे पापुद्रे हवेत उडतात. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि नवऱ्याला ठसका लागला. न्यू मेक्सिकोत हॉटेलात बसलं की पहिला प्रश्न येतो, लाल की हिरवी? हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठरवलेला. दोन्ही हवी असेल तर म्हणायचं, 'ख्रिसमस'.

त्या रात्री मोटेलच्या खोलीत मी ठेचा केला. खलबत्ता नव्हता. स्टीलच्या वाटीच्या बुडाने भाजलेल्या मिरच्या, पोर्टालेसचे दाणे, लसूण आणि मीठ ताटलीत रगडलं. धूर ओळखणारं यंत्र वाजू नये म्हणून दाणे मात्र भाजले नाहीत. मिरची लांबलचक, गरदार, आपल्या लवंगी मिरचीपुढे अगदीच सोज्वळ. दोघांनी मक्याच्या टॉर्टियाला लावून खाल्ला. नवरा म्हणाला, "आता इथेही माणदेश आणलास तू." मी म्हटलं, मी नाही आणला. मिरची या बाजूची, मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांनी ती गोव्यात उतरवली, तेव्हा कुठे आपल्याकडे आली. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला, मकाही इकडचाच. त्या ताटलीत आपला म्हणावा असा फक्त लसूण होता. यावर त्याने बराच वेळ विचार केला आणि आणखी एक टॉर्टिया घेतला.

ॲरिझोनातल्या टूसॉनला आठ दिवस राहिलो. तिथेच माझ्या मनात हिशेब सुरू झाला.

टूसॉनला वर्षाला सरासरी अकरा इंच पाऊस पडतो, म्हणजे दोनशेऐंशी मिलिमीटर. माझ्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. आकडा दोनदा तपासून पाहिला. जवळजवळ दुप्पट! ज्या गावातून आम्ही दुष्काळी म्हणून बाहेर पडलो, जिथल्या मुलींची पत्रिका बघण्याआधी 'पाण्याचं कसं काय' विचारत, त्या गावाला या लाखांच्या शहराच्या दुप्पट पाऊस. आणि इथे कोणी दुष्काळ म्हणत नाही. उलट पावसाला हे लोक लाडाने मॉन्सून म्हणतात. पंधरा जून ते तीस सप्टेंबर अशी त्याची सरकारी मुदतही आहे. पाऊस आला की क्रिओसोटच्या झुडपांचा कडसर वास सुटतो आणि माणसं दारात येऊन उभी राहतात, मातीच्या वासाला आपण राहतो तशीच.

आधी मला उत्तर सोपं वाटलं. इथली झाडंच शहाणी. साग्वारो हा तिथला प्रचंड निवडुंग, दोन-तीन मजले उंच. त्याचं अंग पेटीच्या भात्यासारखं घडीघडीचं असतं. पाऊस झाला की पाणी पिऊन घड्या उलगडतात आणि कोरडं गेलं की पुन्हा मिटतात. पहिल्या आठ-दहा वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो, हात फुटायला पन्नास-साठ-सत्तर वर्षं जातात. एक हाताचाही फुटवा नसलेला, माझ्यापेक्षा वयाने थोडासाच लहान असावा असा एक रोज सकाळी आम्हांला फिरताना भेटे. नवरा त्याला 'भावजी' म्हणायला लागला.

पण शहर काही निवडुंगावर जगत नाही. ते जगतं कालव्यावर. कोलोरॅडो नदीच्या हवासू तलावातून निघालेला सिमेंटचा कालवा तीनशेछत्तीस मैल वाळवंटातून येतो, पंपांनी पाणी जवळजवळ तीन हजार फूट वर चढवतात. वीस वर्षं बांधत होते, 1993 मध्ये संपला. आम्ही तो मुद्दाम बघायला गेलो. जाळीपलीकडे निळंशार, आवाज न करता सरकणारं पाणी, वर ऊन, आजूबाजूला एक हिरवं पान नाही. मला टेंभू आणि जिहे-कठापूर आठवलं. कृष्णेचं पाणी उचलून आमच्या उघड्या माळावर आणायच्या योजना. माझं अख्खं तारुण्य त्या योजनांची भाषणं ऐकण्यात गेलं आणि पाणी आलं ते मी देश सोडल्यावर कितीतरी वर्षांनी. म्हणजे फरक झाडांच्या शहाणपणाचा नव्हता, ऐपतीचा होता. आणि ऐपतीलाही तळ असतो. कोलोरॅडो नदी आता बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि कपातीचा मोठा वाटा ॲरिझोनाच्या अंगावर आला. तरी आमच्या मोटेलसमोरचं गोल्फचं मैदान रोज पहाटे भिजत होतं. ते बघून माझ्या पोटात अजूनही तसंच तुटतं. नवरा म्हणाला, "बघू नकोस." बघू नकोस म्हणणं त्याला सोपं आहे.

टूसॉनमधल्या शेवटच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शहराबाहेर एका लहान रस्त्याने येत होतो. तिथे ओढ्यांना वॉश म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू, म्हणून पूल न बांधता रस्ताच खाली उतरवून पलीकडे चढवतात. कडेला पाटी: पाणी असताना शिरू नये. आमच्या डोक्यावर ऊन होतं. कॅटलिना डोंगरांवर मात्र शाईसारखं काळं झालं होतं. उताराच्या वरच मी म्हटलं, थांब.

"कशाला? कोरडं ठणठणीत आहे."

"थांब रे. वास येतोय."

त्याला वास येत नव्हता. मला येत होता. लहानपणी आम्ही माणगंगेच्या पात्रात वाळूत झरे उकरून पाणी भरायचो. वाटीने उपसून कळशी भरायला पाऊण तास लागे. तेव्हा आजी एकच सांगायची: वर कुळकजाईकडं आभाळ काळं दिसलं आणि गार वाऱ्याला मातीचा वास आला, की कळशी टाकून पळायचं. कळशी पुन्हा मिळंल.

आधी आवाज आला. कोणी लांबून ताडपत्री ओढत आणावी तसा. मग वळणावरून पाण्याची जीभ आली, घोट्याएवढी, चहासारखी, पुढे फेस, काटक्या, वाळल्या शेंगा, एक निळा प्लॅस्टिकचा चेंडू. ती घाईत नव्हती. वाळूतला एकेक खळगा भरून घेत, थांबत, पुढे सरत होती. दोन-तीन मिनिटं हे असं, आणि मग मागून जे आलं ते मात्र कमरेएवढं होतं आणि त्यात झाडाचं खोड होतं.

पंधरा मिनिटांनी जोर जरा कमी झाल्यासारखा दिसला. नवऱ्याने किल्लीला हात घातला. "फूटभर आहे आता. आमच्याकडच्या जगबुडी नदीच्या पुरात गाडी घातलीय मी."

"जगबुडी सांगून येते. ही माणगंगेच्या जातीची. खाली वाळू राहिलीय की खड्डा पडलाय, तुला दिसतंय का?"

आमच्या मागे एक पिकअप येऊन थांबला होता. त्यातल्या म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं, टोपी तोंडावर ओढली आणि झोपला. त्याच्याकडे बघून नवऱ्याने हात मागे घेतला. ॲरिझोनात असा कायदाच आहे, अडथळे लावलेले असताना ते चुकवून पाण्यात गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल. लोक त्याला 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात. मी थर्मासमधला चहा काढला. पावणेदोन तास बसलो, ग्रँड कॅन्यनएवढाच वेळ. पाणी जसं आलं तसं गेलं. रस्त्याच्या मधोमध मांडीएवढा डांबराचा तुकडा उचकटून निघाला होता. नवरा खाली उतरून त्या खड्ड्याशी उभा राहिला, काही बोलला नाही. परत येऊन म्हणाला, "चहा आहे का अजून?"

तिथून उत्तरेला. सॉल्ट नदीची घळ, मग होलब्रुक, मग दगड झालेल्या झाडांचं जंगल. वीस कोटी वर्षांपूर्वीच्या खोडांचे रंगीत गारगोट्यांसारखे ओंडके उघड्यावर पडलेत. त्यातले तुकडे लोक चोरून नेतात आणि वर्षानुवर्षांनी टपालाने परत पाठवतात, सोबत पत्र: नेल्यापासून घटस्फोट झाला, नोकरी गेली, कुत्रा मेला. संग्रहालयात ती पत्रं लावली आहेत. नवऱ्याने माझ्या पर्सकडे पाहिलं. मी म्हटलं, मिलो माझ्या हक्काची आहे.

चिन्ले हे नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलखातलं गाव, कॅन्यन द शेयीच्या तोंडाशी. दरीत आजही त्यांची घरं आणि शेतं आहेत, तळात उतरायचं तर त्यांच्यातलाच वाटाड्या घ्यावा लागतो. आमची वाटाडी पन्नाशीची बाई होती. तिने तांबड्या भिंतींतली जुनी घरं दाखवली, पण जास्त वेळ थांबली ती पीचच्या चार झाडांपाशी. 1864 साली अमेरिकी सैन्याने या दरीतली हजारो पीचची झाडं तोडली, कणगी जाळल्या, आणि माणसांना तीनशे मैलांवर बॉस्क रेडोंडोला चालवत नेलं. चार वर्षांनी, 1868 च्या तहानंतर, ते परत आले. परत येऊन आधी काय केलं, असं नवऱ्याने विचारलं. ती म्हणाली, झाडं लावली. दुसरं काय करणार?

चिन्लेहून गनाडोवरून पश्चिमेला होपी या दुसऱ्या मूळ जमातीच्या गावांकडे निघालो. आता घड्याळाची गंमत. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो करतात. होपी करत नाहीत, आणि होपींची जमीन नवाहोंच्या जमिनीने चहूबाजूंनी वेढलेली आहे. गाडीतलं घड्याळ एक सांगे, माझा फोन दुसरं, नवऱ्याचा तिसरंच काहीतरी. सेकंड मेसाला पोचलो तेव्हा दहा वाजले होते किंवा अकरा.

मेसा म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर, आपल्या सड्यासारखा. अशा माथ्यांवर दगडी गावं, त्यातलं थर्ड मेसावरचं ओरायबी नऊशे वर्षं तरी सलग वसलेलं आहे. गावात फोटो काढायचा नाही, चित्र काढायचं नाही, पाटीवर स्पष्ट लिहिलंय. मला ते फार बरं वाटलं. शेतं खाली, वाळूत. आधी वाटलं, कोणी झुडपं लावून सोडून दिली आहेत. चार-पाच पावलांवर एकेक ठोंब, कमरेलाही न पोचणारा, एका ठोंबात आठ-दहा ताटं दाटीने. मका. पाट नाही, पंप नाही, नळी नाही. वर्षाला जेमतेम आठ-दहा इंच पाऊस.

रस्त्याच्या कडेला टेबल मांडून एक म्हातारा निळं मक्याचं पीठ आणि पिकी विकत होता. पिकी म्हणजे निळ्या मक्याच्या पिठात राख घालून केलेलं पातळ कालवण तापलेल्या दगडावर उघड्या हाताने फिरवून काढलेला कागदासारखा पापुद्रा, गुंडाळलेला. मी त्याला विचारलं, हात भाजत नाही का? तो म्हणाला, माझी बहीण करते, तिला विचारा. मग मी मक्याचं विचारलं. पाणी कुठून देता?

तो उठला, चार पावलं शेतात गेला आणि गुडघ्यावर बसून हाताने वाळू बाजूला करायला लागला. वरची वाळू फिकी, भुरभुरीत. वीतभर गेल्यावर रंग बदलला. आणखी खाली तर तपकिरी झाली. मूठभर काढून त्याने ती आवळली आणि मूठ उघडली. लाडू तसाच राहिला. हिवाळ्यातला बर्फ वितळून जे मुरतं, ते इथे. आम्ही लाकडाने भोक पाडून बी इथपर्यंत खाली घालतो, म्हणाला. वर यायला ते मुकाट रस्ता काढतं. पुढच्या वर्षी या ठोंबांच्या मधल्या जागेत पेरायचं, म्हणजे ही जागा विश्रांती घेते.

माझे आजोबा हस्ताचा पाऊस झाला की काळ्या रानात असेच उकिडवे बसत. मूठ आवळत, उघडत. ढेकूळ टिकलं की म्हणत, "ओल हाय. जुपा पाभर." मालदांडी ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर यायची, वरून थेंब पडला नाही तरी. नाही टिकलं तर हात झटकून उठत आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नसत. इंग्रजीत मला ओलीला नेमका शब्द कधी सापडला नाही. होपीत असणार. म्हाताऱ्याला विचारायचं राहिलं.

मी पर्समधले मिलोचे दाणे काढून त्याला दाखवले. त्याने बोटाने उलटेपालटे केले. "गुरांचं," म्हणाला. मी म्हटलं, हो. मग म्हटलं, आम्हीपण खाल्लंय. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दाणे एकेक करून माझ्या तळहातावर परत ठेवले.

गाडीत येऊन बसलो. पिकीचा पापुद्रा दातांखाली विरघळतो, मागे फक्त राखेची चव राहते. मांडीवर निळा चुरा पडला. नवऱ्याने तो हातावर गोळा केला आणि खाल्ला, एरवी झटकून टाकला असता. नक्की किती वाजले, असं मी विचारलं. त्याने तिन्ही घड्याळं पाहिली.

"दहा धरू," तो म्हणाला. "तासभर बसता येईल."

समोर मक्याच्या ठोंबांच्या सावल्या अजून लांब होत्या. त्याने सीट मागे केली.